सराट्याची पैज

टायरातून निघालेला काटा पाहून सायकल कोणत्या वाटेने आली ते मी सांगू शकतो. हा काही मोठा गुण नाही. चाळीस वर्षं एकाच जागी उकिडवं बसून पंक्चर काढली की कोणालाही जमेल. बाभळीचा लांब पांढरा काटा निघाला की गडी वावरातून आला. बोरीचा वाकडा काटा निघाला की नाल्याच्या काठाने आला, आणि बहुतेक बोरं खायला थांबला होता. सराटा निघाला की मैदानातून नाहीतर गायरानातून. सराटा कधी एकटा येत नाही. एक काढून ठिगळ लावावं, हवा भरावी, की घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब आणखी दोन ठिकाणी बुडबुडे सोडते. गिऱ्हाईक म्हणतं, आत्ताच तर काढलं ना. अशा वेळी मी त्यालाच टायरात आतून हात फिरवायला लावायचो. एकदा बोटाला टोचलं की माणूस वाद घालत नाही.

सराट्याचा काटा सगळ्यांना माहीत, फूल फारसं कोणी पाहिलेलं नसतं. झाड कसलं, जमिनीला चिकटून चारी बाजूंना पसरलेली चार-पाच तंगड्यांची वेल. पानं चिंचेच्या पानासारखी बारीक. पाऊस पडला की उगवतो आणि दिवाळीपर्यंत वाळून जातो. त्याला नखाएवढं, पाच पाकळ्यांचं, पिवळंधमक फूल येतं. सकाळी उघडतं, ऊन चढलं की मिटतं. फुलामागून फळ येतं, ते वाळून फुटतं, आणि त्याचा तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. वैद्य लोक त्याला गोखरू म्हणतात आणि औषधात घालतात. आम्ही त्याला शिव्या घालतो.

नाचणगावात माझं दुकान म्हणजे घरासमोरची टिनाची शेड. शेड आणि घर यांच्यामध्ये अंगण आहे, दहा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद, साधं मातीचं. आमच्या आळीत आता तेवढंच मातीचं अंगण उरलं आहे. रस्ता सिमेंटचा झाला, गल्लीत सिमेंटच्या विटांचे गट्टू बसले, शाळेच्या मागच्या मैदानावरही गट्टू आले. सराटा गेला. आता टायरातून खिळे निघतात, बांधकामाच्या सळईचे तुकडे निघतात. खिळा काढताना मला कंटाळा येतो. खिळा कुठूनही येतो, त्याला गाव नसतं.

तर हे अंगण. गेल्या साली बायकोचं म्हणणं पडलं, यात गट्टू बसवायचे. माझं म्हणणं, माती राहू द्यायची. तिची बाजू खरी होती, हे मी आत्ता लिहितो आहे, तेव्हा कबूल करत नव्हतो. त्याआधीच्या पावसाळ्यात ती अंगणातल्या चिखलावरून घसरली होती आणि उजवं मनगट मोडून घेतलं होतं. सावंगीला मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. दीड महिना कणीक मी मळली. माझ्या पोळ्या खाऊन तिचं मनगट लवकर भरून आलं असावं, कारण प्लास्टर निघाल्या दिवशीच तिने परात माझ्या हातातून ओढून घेतली. पण त्या दिवसापासून गट्टूचा विषय रोज निघू लागला.

मला माती का हवी होती, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी काहीबाही सांगायचो. उन्हाळ्यात खाट टाकायला बरं पडतं. कोंबड्यांना उकरायला जागा राहते. दुपारी पाणी शिंपडलं की वास येतो. ती म्हणायची, वास पाहिजे तर अत्तर आणा. शेवटी एकदा मी म्हटलं की मी या मातीत काहीतरी लावणार आहे, फुलझाडं वगैरे. त्यावर ती इतकी हसली की हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. कारणही होतं. माझ्या हाताला रोप लागत नाही. मी लावलेला मोगरा गेला, जास्वंद गेली, दारचा कढीपत्ता तर मी नुसता जवळून गेलो म्हणून वाळला असं ती सांगते. तिचं उलट आहे. ती हिंगणीकडची, बोर अभयारण्याच्या कडेची. लहानपणापासून वावरात निंदण करून तिचे हात असे तयार झाले आहेत की जाता जाता तण दिसलं की ते उपटलं जातंच. लग्नाच्या मांडवात नवरीने वाकून खांबाजवळचं गवत उपटलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या हातानं तं सराटाबी नाई उगवत."

माझा स्वभाव जरा तापट आहे. मोगरा म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. सराटा म्हणाली, आणि ते मला लागलं.

मी म्हटलं, "पोळ्याच्या दिवशी सराट्याचं एक फूल दाखवतो या अंगणात. दाखवलं तं माती राहील. नाई दाखवलं तं दुसऱ्या दिवशी गट्टूवाल्याले बोलावजो."

ती लगेच कबूल झाली, पण एक अट घातली. फूल दाखवायचं, काटा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आळीतली सगळी चिल्लीपिल्ली लाकडी बैल ओढत आमच्या अंगणात येतात, खाऊ घेऊन जातात, निम्मी अनवाणी असतात. एकाच्याही पायात काटा गेला तर पैज कोणी जिंकली ते विचारायचं नाही, सरळ गट्टू. म्हणजे फूल यायला हवं, पण इतकं लवकर नाही की पोळ्यापर्यंत फळ वाळून काटा धरील. सराट्यासारख्या उनाड झाडाकडून वेळ पाळून घ्यायची होती. मी बिनधास्त हो म्हटलं.

आता सराटाच माझ्या मनाला का लागला, तेही सांगतो. हे मी तोवर तिलाही सांगितलं नव्हतं.

मी मुलगी पाहायला हिंगणीला गेलो तेव्हा सायकलवर गेलो, वडील मागे कॅरिअरवर. गावाच्या शिवेत शिरताना गायरानात दोन्ही चाकं एकदम बसली. पंक्चर काढणारा माणूस, आणि पंप घरी विसरला. टायरात मोजून सात सराटे. सायकल हाताने ढकलत, घामाघूम होऊन, आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता आणि तिच्या घरची मंडळी तोंड फुगवून बसली होती. ती पोहे घेऊन बाहेर आली. मान खाली, डोक्यावर पदर, सगळं रीतीप्रमाणे. फक्त नाकावर, डाव्या बाजूला, सराट्याचं पिवळं फूल चिकटलेलं. तिकडच्या मुली गायरानात बकऱ्या चारताना थुंकी लावून ते फूल नाकाला चिकटवायच्या, सोन्याचा खडा म्हणून. ती सकाळी लावून तशीच विसरली होती. तिच्या वहिनीने खूण केली, तिने पदराने झटकन पुसलं, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही असं सगळ्यांनी धरून घेतलं. मी पाहिलं होतं. परत येताना वडिलांनी विचारलं कशी वाटली, तेव्हा मी सायकल ढकलत होतो आणि हसत होतो. वडील म्हणाले, दोन चाकं बसली तरी हसतोस म्हणजे झालं.

तर सराट्याचं बी आणायचं ते हिंगणीहूनच. नाचणगावात शोधून मिळेना. मे महिन्यात मी एक जुनं सायकलचं टायर खांद्यावर अडकवून एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, चाक कुठे राहिलं. मी म्हटलं, आणायलाच चाललो आहे.

वाळलेले सराटे हाताने वेचणं म्हणजे बोटांची चाळण. मला माझ्या धंद्यातली सोपी रीत माहीत होती. गायरानात टायर उभं केलं, हातात काडी घेतली, आणि लहानपणी पळवायचो तसं ते पळवलं. साठीला आलेला माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, रखरखत्या उन्हात टायरामागे पळतो आहे. एक फेरी मारून टायर उचललं तर त्यात पंचवीस-तीस सराटे पक्के रुतलेले. पक्कडीने उपटून डब्यात टाकले, पुन्हा फेरी. खरं सांगतो, तीन फेऱ्यांत माझं काम झालं होतं. बाकीच्या मी उगाच मारल्या.

बाभळीखाली माझा मेहुणा बसला होता. जावयाला एकदम बोलता येत नाही. शेवटी त्याला राहवलं नाही. "जावाईबुवा, लोकं हिंगणीहून तुरीची दाळ नेतात. तुमी काटे काऊन नेऊन राह्यले?" मी त्याला पैज सांगितली. तो म्हणाला की बहीण त्याची आहे, तिला तो ओळखतो, मी हरणार. तरी जाताना त्याने डाळही बांधून दिली.

घरी आल्यावर अंगणात पायरीजवळ बसून मी टायरात राहिलेले शेवटचे सराटे काढले. दोन-चार उडून इकडेतिकडे गेले, ते अंधार पडल्यामुळे शोधले नाहीत. बायको ओरडली. सकाळी तिने खराट्याने सगळं अंगण झाडून काढलं.

मग माझी शेती सुरू झाली. कुंपणाच्या बाजूला हातभर रुंद वाफा खणला. माती चाळणीने चाळली. माझ्याच डोक्याने दोन टोपल्या कुजलेलं शेणखत घातलं. सराट्याचं कवच कडक असतं, म्हणून ट्यूबला ठिगळ लावण्याआधी जशी कानस मारतो तशी एकेका सराट्याला मारली. रात्रभर पंक्चरच्या घमेल्यात भिजत घातले. मृगात पेरले. रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. कडक ऊन पडलं तर हिरवी जाळी. धो धो पाऊस आला तर प्लास्टिक. मुलीच्या बाळंतपणातही मी एवढी धावपळ केली नव्हती, असं बायको म्हणाली, आणि मुलीला फोन करून तेही सांगितलं.

वाफ्यात काय नाही उगवलं? शेणखतातून आलेलं गवत उगवलं, केना उगवला, माठ उगवला, तरोटा तर असा माजला की विचारू नका. सराटा तेवढा नाही. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी वाफ्यापाशी बसायचो आणि एकेक कोंब बोटाने उलटून पाहायचो. एक दिवस जेवायला बसलो तर ताटात तरोट्याची भाजी. चांगली झाली होती, लसूण घालून. मी विचारलं, भाजी कुठून आणली. ती म्हणाली, तुमच्या शेतातली. मी रागाने दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मधल्या काळात आणखी एक भानगड झाली. समोरच्या घरात एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना माझा वाफा दिसायचा. त्यांनी एकदा विचारलं, मी सांगितलं. चार दिवसांत गावभर झालं की पंक्चरवाला सराटे पेरतो आहे. गिऱ्हाईकं माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागली. दूधवाला सायकल दुकानासमोरून न आणता मागच्या गल्लीतून नेऊ लागला. एका बाईने मुलाला माझ्या देखत बजावलं की काकाच्या अंगणाजवळून सायकल उचलून नेजो. आणि मग गुरुजी स्वतःच, चार माणसांसमोर, दुकानाच्या बाकावर बसून म्हणाले, "कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं."

मी हातातली कानस खाली ठेवली. "गुरुजी," मी म्हटलं, "तुमी तीस वर्षं शाळा चालवली. तं गावातले अडानी तुमीच पेरत होते का?"

बाकावरची माणसं खो खो हसली. गुरुजी उठून गेले. मला बरं वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत वाईटही वाटलं, कारण माझी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली आहे. दोन दिवसांनी ते पंक्चर सायकल घेऊन आले. मी टायर उघडलं, आतून हात फिरवला आणि निघालेली वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवली. खिळा होता. त्यांनी तो वर धरून बाकावरच्या सगळ्यांना दाखवला. त्यानंतर दूधवाला पुन्हा पुढून येऊ लागला.

पण सराटा काही आला नाही. श्रावण अर्धा सरला तेव्हा मी आशा सोडली. माझ्या हाताला खरंच काही लागत नाही हे मी मान्य केलं. आपण ज्याला आयुष्यभर तण म्हणून हिणवलं, तेही आपल्या हातून उगवू नये, याचं मला वाईट वाटलं, पैजेपेक्षा जास्त. गट्टूवाल्याला मीच जाऊन सांगून आलो की पोळा झाला की ये. घरी सांगितलं तर बायको नुसतं हं म्हणाली. जिंकलेल्या माणसाने जरा तरी चिडवायला हवं होतं. मला वाटलं, दया आली असेल.

त्या दिवसांत माझी चिडचिड वाढली होती. घराच्या पायरीच्या बाजूला मोटरसायकलची दोन जुनी टायरं एकावर एक ठेवलेली होती. एकदा अंधारात मी त्यांना ठेचाळलो. दुसऱ्या दिवशी उचलून शेडमध्ये टाकायला गेलो तर ती आतून ओरडली की राहू द्या, मी ठेवली आहेत, हंडा ठेवायला. हंडा काही मला तिथे कधी दिसला नाही. पण पंक्चरवाल्याच्या अंगणात टायर पडलेलं असलं तर त्यात कोण डोकावतो? सकाळी मी दुकानात असायचो. दुपारी जेवायला यायचो तेव्हा पोटात भूक आणि नजर दारावर. मी आपला वाफ्याकडे पाहून सुस्कारा टाकायचो आणि टायरांच्या बाजूने घरात जायचो.

पोळ्याच्या सकाळी मी दुकान बंद ठेवलं होतं. दाराला पळसाच्या डहाळ्या लावल्या. घरात पुरण शिजत होतं. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली की पैजेचा दिवस आहे, फूल दाखवा. मी म्हटलं, जखमेवर मीठ चोळू नकोस, गट्टूवाला परवा येतो आहे. ती म्हणाली, आधी ती टायरं उचला, त्याला काम करायला अडचण होईल.

मी पायरीजवळ गेलो. वाकलो. आणि तसाच वाकलेला राहिलो.

टायरांच्या आत, दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीत, सराटा होता. गोल जागेत मावत नव्हता म्हणून त्याच्या तंगड्या रबराला टेकून वळल्या होत्या. आणि त्यावर चार फुलं. चारही उघडी, पिवळीधमक, सकाळच्या उन्हात. तीन-चार देठांना हिरवी, मऊ फळं धरली होती. काटा अजून कच्चा होता, बोटाला लागत नव्हता. मी लावून पाहिला.

मे महिन्यात टायरातून उडालेल्या त्या दोन-चारांपैकी हा एक. ना खणलं, ना खत घातलं, ना पाणी दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली तुडवलेली जमीन होती, आणि त्याला तीच हवी होती. आणि हे मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं मी सराटे काढले ते कोणत्या जमिनीतून आलेल्या सायकलींचे? चाळलेल्या मातीतून एकही आला नव्हता.

ती पायरीवर बसली. म्हणाली की आषाढात आखाडीच्या सुमारास झाडताना दिसला. "पहिला तं म्या उपटूनच टाकला. हाताले सवय हाये ना. उपटल्यावर पाह्यलं, तं सराटा." तो कोंब हातात धरून ती बराच वेळ बसली होती म्हणे. परत लावून पाहिला, जगला नाही. आठ दिवसांनी बाजूलाच दुसरा आला. त्याला तिने टायर घातलं. माझ्या पायापासून वाचावा म्हणून नाही. "माह्याच हाताचा भरोसा नोता," ती म्हणाली.

मी विचारलं, पण काऊन? तो उपटला असता तर तू जिंकली होतीस. चिखल गेला असता, गट्टू आले असते.

"तुमी रोज त्या वाफ्यापाशी बसून राहत," ती म्हणाली. "मले पाहवत नोतं. हारली तं हारली मी."

मग तिने वाकून एक फूल तोडलं. नाकाच्या एका बाजूला आता सोन्याचा खडा आहे, म्हणून तिने ते दुसऱ्या बाजूला लावलं. थुंकी लावून. चुलीपुढचा घाम होता, चिकटेना. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा बसलं. मी म्हटलं, त्या दिवशी डाव्या बाजूला होतं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. तीस-पस्तीस वर्षं तिची समजूत होती की मी ते पाहिलंच नाही. माझी समजूत होती की तिला ते आठवत नसेल. पुरण खाली लागायचा वास आला तेव्हा ती उठली, आणि फूल नाकावर ठेवूनच आत गेली. मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या अंगणात दोन चकरा मारल्या.

माती राहिली. पण तिचं मनगट मी विसरलो नव्हतो. पैज हरून जिंकलेल्या बाईला पुन्हा चिखलात घसरू देणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेडच्या मागे स्कूटरची जुनी टायरं पडलेली होती. पोळ्याच्या जेवणानंतर गाव तोरणाखाली बैल घेऊन गेलं, आणि मी टिकाव घेतला. दारापासून शेडपर्यंत, पावलाच्या अंतराने, नऊ टायरं अर्धी जमिनीत गाडली आणि आत मुरूम भरून ठोकला. पाणी खाली जिरतं आणि पाय रबरावर पडतो. संध्याकाळी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आली. परत गेली. पुन्हा आली. "गट्टूवाल्याले नाई म्हनून सांगा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं यायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. ती टायरांपाशी गेली, एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने सराटा मुळासकट उपटला. उपटताना तिचा हात जरा थांबला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. हिरवी फळं तिने एकेक करून तोडली आणि कागदात बांधून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. मग पोरं आली. लाकडी बैल काखेत मारून या टायरावरून त्या टायरावर उड्या मारत आली, आणि खाऊ घेतल्यावर परत जायला तयार होईनात. गुरुजींचा नातू तर तीनदा खाऊ घेऊन गेला.

मी तिला म्हटलं, झाड गेलं, आता पुढल्या साली पुन्हा हिंगणीला टायर पळवायला जावं लागेल. ती म्हणाली, काही गरज नाही, सराटा एका पावसात सगळा कधी उगवत नसतो, थोडा या साली, थोडा पुढल्या साली. मातीत राहतो.

यंदा मृग होऊन महिना झाला आहे. वाफा मी केला नाही. कुंपणाजवळच्या जुन्या वाफ्यात तरोटा मात्र आपोआप आला आहे आणि मी तो भाजीसाठी राहू दिला आहे. काल दुपारी जेवायला आलो तर अंगणात तीन जुनी टायरं पडलेली दिसली, एक पायरीपाशी, एक खाटेच्या पायाशी, एक अगदी वाटेत. मी वळसा घालून घरात गेलो.